तीन हाकांची पेटी

भुताखेतांची सोय बघून यंत्र बनवणारा नाशिक जिल्ह्यात एकच इंजिनिअर आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. माझं सगळं आयुष्य विम्याच्या कचेरीत गेलं, त्यामुळे मेलेल्या माणसांशी माझा संबंध कागदोपत्रीच यायचा. त्यापलीकडे जो काही आला तो साडूभाऊंच्या कृपेने. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी वीसेक वर्षं साच्यांची ड्रॉइंगं काढली आणि एक दिवस चांगली चालू नोकरी सोडून तिथेच मागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला. तिथे ते काय करणार, हे ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणजेच माझ्या मेहुणीला, चार दिवसांनी कळलं. ते शाळांसाठी पेट्या करणार होते.

या पेटीबद्दल आधी सांगून टाकतो. वर डोंगरात, पेठ-सुरगाण्याकडे, अशा शाळा आहेत की एक गुरुजी, एक खोली आणि त्या खोलीत चार इयत्ता. गुरुजी चौथीचा भागाकार घ्यायला लागले की पहिली खिडकीतून पसार होते आणि दुसरी तिला शोधायच्या निमित्ताने. अशा वेळी बाकीच्यांना धरून ठेवायला कोणीतरी हवं, म्हणून ही पेटी. सागाची फळी, वर पत्रा, आत कर्णा, छपरावर सौर पाटी. नेट नको, वीज नको, पडदा नाही, बटण एकच. पेटी हजेरी घेते, गोष्ट सांगते, गणित घालते आणि पोरांच्या उत्तरासाठी थांबते, तेही त्यांच्या घरात बोलतात त्या बोलीत. परदेशातून देणगीदाखल आलेल्या चकचकीत पडद्याच्या पाट्या त्या शाळांच्या कपाटात धूळ खात पडलेल्या साडूभाऊंनी पाहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की यंत्रानं गावाची सवय करून घ्यायची, गावानं यंत्राची नाही. हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हणतात, आणि वाढपी घाबरून त्यांना जिलबी जास्त वाढतो.

पेटी गावात टिकेल की नाही हे बघण्याची त्यांची रीत मात्र नातेवाइकांच्या जिवावर उठणारी आहे. धूर सोसतो का बघायला एक पेटी त्यांनी दिंडोरीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या चुलीवर महिनाभर टांगली. त्या घरच्या सासूबाई तिला रोज ओवाळायला लागल्या, तेव्हा काढून आणली. दुसरी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली, तर अंडी बंद झाली. दमट हवेसाठी त्यांना आमच्या न्हाणीघराची आठवण झाली. मी नको म्हणालो होतो. आमची ही म्हणाली, दाजी एवढं म्हणताहेत तर ठेवू दे. दुसऱ्या दिवशी मी तोंडाला साबण लावून आरशासमोर उभा असताना बादलीमागून एक बाई अगदी जवळिकीने म्हणाली, "आज कोणकोण आलंय?" माझ्या हनुवटीवर आजही एक व्रण आहे. साडूभाऊंना दाखवला तर त्यांनी विचारलं, आवाज फाटत तर नव्हता ना?

आवाज फाटत नव्हता, कारण तो ताईचा होता. ताई मूळची मनमाडची, तिथल्या रेल्वेच्या चाळीत वाढलेली. गाडी धडधडत जात असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची तिला लहानपणापासून सवय. साडूभाऊ तिला कपड्यांच्या कपाटात बसवत, दार लावत आणि बाहेरून खुणेने सांगत. आत साड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून. सुरगाण्याकडची बोली त्यांनी तिथल्याच एका बाईकडून तिला शिकवून घेतली होती. पावसाळाभर ताई कपाटात बसून डोंगरातल्या पोरांची नावं घेत होती आणि शेजारीपाजारी बाहेर काय समजत होते ते न बोललेलं बरं.

त्यांच्या घरी एकदा मी सकाळचा गेलो. दार नुसतं लोटलेलं. ताई बाजारात गेलेली, साडूभाऊ गच्चीवर सौर पाट्या पुसत असलेले. हे सगळं मला नंतर समजलं. मी बाहेरच्या खोलीत बसलो. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. साडेदहा वाजले आणि स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "मंगळ्या." मी ओळखीचं हसलो. मग आतल्या खोलीतून ताईच म्हणाली, "हिरा." माझ्या खुर्चीखालून ताई म्हणाली, "काशी." प्रत्येक नावानंतर ती थांबायची आणि कोणाची तरी वाट बघायची. सगळं घर वाट बघायचं. मग दुसरं नाव, दुसऱ्या कोपऱ्यातून. परत शांतता. त्या शांततेत कोणीतरी खरंच उत्तर देईल की काय, असं मला वाटायला लागलं आणि मी चपला हातात घेऊन जिन्यात येऊन उभा राहिलो. तिथे कुरिअरवाला आधीच उभा होता. तो म्हणाला, काका, मी या घराचं पार्सल खालीच ठेवत असतो.

साडूभाऊंना हाक मारली तर ते ओ देत नाहीत, ही नातेवाइकांत सर्वांत गाजलेली तक्रार. ते बहिरे नाहीत. दुसऱ्या हाकेलाही ते वर्तमानपत्रातून मान काढत नाहीत, आणि तिसरीला मात्र "काय म्हणता?" असं प्रसन्नपणे विचारतात. फोनही दोनदा वाजून बंद होऊ देतात, तिसऱ्यांदा घेतात. यामागे कारण आहे, आणि ते कारण एका लहान मुलीने दिलेलं आहे.

पहिली पेटी त्यांनी सुरगाण्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावर बसवली. ती एकेकाचं नाव एकदाच घ्यायची, उत्तराला थांबायची, उत्तर नाही आलं तर "अमका आज आला नाही" असं सांगून पुढे जायची. पहिल्याच दिवशी पेटीने भरलेल्या वर्गातली सगळी मुलं गैरहजर ठरवली. समोर पोरं बसलेली, डोळे वटारून पेटीकडे बघणारी, आणि पेटी सांगते आहे की आज कोणीच आलं नाही. गुरुजी तरुण होते, येवल्याकडून बदलून आलेले. त्यांनी फोन करून सांगितलं की सर, मशीन मला घाबरवतंय. साडूभाऊंनी माइक बदलला, कर्णा बदलला, पेटीची जागा बदलली. पोरं गप्प ती गप्पच. शेवटी त्यांनी पोरांनाच विचारलं, तुम्ही ओ का देत नाही? मग तिसरीतली एक मुलगी, जयवंती तिचं नाव, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ती दिसत नाय. आन् येकदाच बोलवती. माणूस असतं तं परत बोलवलं असतं."

तिकडे आईबाप पोरांना शिकवून ठेवतात. रानात जे काही हाक मारत फिरतं ते दोनदाच मारतं. दिसत नसलेल्या कोणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला बोलायचं नाही, दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली की समजायचं माणूसच आहे, आणि मग ओ द्यायची. हे ऐकून दुसरा एखादा इंजिनिअर अंधश्रद्धेवर भाषण ठोकून खाली उतरला असता. साडूभाऊ त्या संध्याकाळी आमच्याकडे आले ते एखाद्याला जावई पसंत पडावा तसा चेहरा करून. चूक पोरांची नव्हतीच, ते म्हणाले, दाराआडून एकदाच हाक मारून निघून जाणाऱ्याला आपण तरी काय समजतो?

ताई परत कपाटात गेली. आता प्रत्येक नाव तीनदा. पहिली हाक साधी, दुसरी जरा चढी. तिसरीला साडूभाऊ दाराबाहेरून समजावायचे, ताट वाढलंय, भात निवतोय आणि पोर अंगणात खेळतंय, तशी मार. ताईला मूलबाळ नाही. तिने ती तिसरी हाक कुठून आणली मला माहीत नाही. थोडी रागाची, बरीचशी मायेची, शेवटी "ये गं बाय, वाट बघतेय" असं म्हणत खाली येणारी. पुढच्या वेळी पेटी बसवली आणि तिसऱ्या हाकेला पहिलं पोर असं काही "ओ" म्हणून ओरडलं की छपरावरची चिमणी उडाली, असं गुरुजी सांगतात. काही पोरं तर तिसरी ऐकायला मिळावी म्हणून मुद्दाम दोन हाका गप्प बसत. हजेरीला तास जायला लागला. पेट्यांना पैसे देणाऱ्या संस्थेच्या एक मॅडम पुण्याहून पाहणीला आल्या आणि म्हणाल्या, एकच हाक ठेवा, वेळ वाया जातोय. त्या दिवशी डोंगरावर धुकं उतरलेलं होतं. साडूभाऊंनी त्यांना विनंती केली की पडवीच्या पलीकडे जाऊन तुम्हीच एखाद्याला हाक मारा. मॅडम धुक्यात दिसेनाशा झाल्या. मग धुक्यातून आवाज आला, "काशी." खोलीतली सगळी पोरं एकदम भिंतीला चिकटली. काशी तर रडायलाच लागली. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांना कोणी जवळ येऊ देईना. तीन हाका कायम झाल्या.

इथवर हे सगळं मी जेवणानंतर हसून सांगत असे. पुढचं सांगताना माझा आवाज आपोआप उतरतो.

दिवाळी झाली की तो पाडा रिकामा होतो. माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, पोरंही बरोबर जातात, आणि होळीला परत येतात. त्या वर्षी सगळे परत आले, जयवंती आली नाही. तिकडेच बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपटात तिला ताप आला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. शाळा परत भरली. गुरुजींनी पेटीचं बटण दाबलं. पेटीला काय माहीत? तिने क्रमाने नावं घेतली आणि जयवंतीचंही घेतलं, तीनदा.

होळीनंतर आठवडाभरात गुरुजींचा फोन आला. पोरं शाळेत येईनाशी झाली होती. मेलेल्या माणसाला नाव घेऊन तीनदा बोलावलं तर त्याला यावंच लागतं, असं तिथली जाणती माणसं म्हणत होती, आणि ही पेटी रोज सकाळी त्या पोरीला तीनदा बोलावत होती. शिवाय, गुरुजी अडखळत म्हणाले, सर, तिसऱ्या हाकेनंतर बाहेरून ओ येते. पेटीतलं नाव गुरुजींना काढता येत नव्हतं. पेटी बंद ठेवा म्हणावं तर जयवंतीची आई ती बंद ठेवू देत नव्हती. साडूभाऊंनी मला विचारलं, गाडी घेऊन येता का? त्यांची गाडी बरी होती. एकट्याने जायचं नव्हतं, एवढंच.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. उन्हाचा ताव होता, सागाची पानगळ चालू होती. सागाचं वाळलेलं पान पडतं ते कोणीतरी पाऊल टाकल्यासारखं पडतं. मी दर वेळी मागे वळून बघत होतो आणि मागे कोणी नसायचं. शाळेत सात-आठ पोरं आली होती, एकमेकांना घट्ट चिकटून बसलेली. गावचे पाटील दारात उभे होते. ते म्हणाले, आधी ऐका, मग काय ते ठरवा. गुरुजींनी बटण दाबलं.

आपल्या मेहुणीचा आवाज इतक्या लांब, त्या डोंगरात, एका फळीतून ऐकताना मला कसं झालं ते सांगता येणार नाही. नावं होत गेली. आलेल्यांनी ओ दिली, न आलेल्यांचं पेटीने आला नाही, आली नाही म्हणून सांगितलं. मग ताई म्हणाली, "जयवंती." पोरांनी माना खाली घातल्या. बाहेर पानं पडत होती. "जयवंती." एका लहानग्याने दोन्ही हातांनी कान झाकले. आणि मग ती तिसरी, भात निवतोय अशी, खाली येणारी, "जयवंते, ये गं बाय, वाट बघतेय."

"ओ," असं भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणालं.

आवाज बारीक होता, लहान मुलीचा म्हणावा तसाच. पेटीने तो ऐकला आणि समाधानाने पुढचं नाव घेतलं. साडूभाऊ मात्र उठले आणि सरळ भिंतीच्या मागे गेले. मी पाटलांचा हात धरून त्यांच्यामागे. भिंतीला पाठ लावून एक बाई उभी होती, पायाशी मोहाची फुलं वेचायची पाटी. ती जयवंतीची आई होती. ओ तीच देत होती, आवाज लहान करून.

पाटलांना ते माहीत होतं. पण पोरांना कितीही सांगितलं तरी पोरं ऐकेनात, त्यांच्या लेखी ती जयवंतीच होती. पाटलांनी साडूभाऊंना सांगितलं, नाव काढा, नाहीतर पेटी घेऊन जा, गाव ऐकणार नाही. साडूभाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं की तुम्ही ओ का देता. तिने वाकून पाटीतली फुलं सारखी केली. मग म्हणाली, "ओ नाय दिली तं ती पेटी म्हणती, जयवंती आज आली नाय. रोज म्हणती. मला नाय ऐकवत."

हे वाक्य साडूभाऊंनी पेटीत घातलेलं होतं. सोयीसाठी. गुरुजींना हजेरी भरायला बरं पडावं म्हणून. त्यांनी चष्मा काढला आणि तो परत डोळ्यावर चढवायचं त्यांना सुचेना. मग ते नेहमीसारखे सुचवायला लागले, आवाज बारीक करू का, नाव शेवटी घेऊ का, पोरं गेल्यावर घेऊ का. यंत्रवाल्या माणसाचं दुःखसुद्धा सुट्या भागांतून बाहेर पडतं. बाई प्रत्येकाला मान हलवत होती. शेवटी ते हळूच म्हणाले की मग नावच काढतो, म्हणजे ऐकायलाच नको. त्यावर ती एकदम म्हणाली, नाव काढलं तं ती शाळेत नव्हतीच असं होईल.

पाटीलही खाली बसले. पोरं दारातून वाकून बघत होती. मग त्या बाईनेच विचारलं, ही पेटी कोणाला दोनदाच बोलवू शकते का?

"दोनदा बोलवा," ती म्हणाली. "तिसरी हाक नको. दोन हाकांना ओ द्यायची नसते. मग ती आली नाय असंबी नाय होणार."

साडूभाऊंनी पाटलांकडे बघितलं. पाटलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, दोन हाकांना काय हरकत नाय, दोन हाकांनी कोणी येत नाय. गाडीतून हत्यारं आणून साडूभाऊंनी तिथेच पडवीत पेटी उघडली. ताईची ती तिसरी हाक आणि त्यामागचं वाक्य काढायला फार तर पाच मिनिटं पुरतात. त्यांना कितीतरी वेळ लागला.

हजेरी परत घेतली. बाई भिंतीपाशीच उभी होती. "जयवंती," पेटी म्हणाली. आणि जरा चढ्या आवाजात, "जयवंती." बाईचे ओठ सवयीने उघडले. पेटी थांबली, एका हाकेइतकी थांबली, आणि मग तिने पुढच्या पोराचं नाव घेतलं. बाई थोडी घुटमळली. मग तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि मोहाच्या झाडांकडे चालायला लागली. पाटील म्हणाले, होळीनंतर शाळा भरल्यापासून रोज शाळा सुटेपर्यंत ती इथून हलत नव्हती. ती वळणाआड जाईपर्यंत साडूभाऊ पडवीच्या खांबाला धरून बघत राहिले.

दर जूनमध्ये पेटीतली नावं बदलावी लागतात. चौथी पास झालेल्या पोरांची काढायची, पहिलीच्या नव्यांची घालायची. हे काम करायला दुसऱ्या पाड्यांवर गाळ्यातलं कोणीही गेलं तरी चालतं, पण या पाड्यावर साडूभाऊ स्वतः जातात. पहिल्या जूनला त्यांनी बाईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आता चौथीत असती, राहू द्या. वर्षभर पेटी तिला दोनदा बोलावत राहिली. जयवंतीला कधी न पाहिलेली पहिलीची पोरंही दुसऱ्या हाकेनंतर आपोआप गप्प बसायला लागली, शाळेचा तसा नियमच आहे असं समजून. गुरुजी सांगतात की वर्गात इतकी शांतता दुसऱ्या कशानेही होत नाही आणि त्यांना स्वतःला अजून तेवढ्या वेळात दाराकडे बघवत नाही.

यंदाच्या जूनमध्ये साडूभाऊ वर गेले आणि तिथून सरळ आमच्याकडे आले. दमलेले, बुटांना लाल माती. मी दार उघडलं. त्यांच्या हातात मिठाईच्या दुकानातला खोका होता. आमच्या हिने विचारलं, दाजी, पेढे कशाचे? त्यांनी खोका उघडून आधी तिच्यापुढे धरला, मग माझ्यापुढे.

"बाई म्हणाली, आता काढा नाव," ते मला म्हणाले. "आमची जयवंती चौथी पास झाली."

हिला जयवंतीचं मी कधी सांगितलं नव्हतं, तिने अभिनंदन केलं. मी पेढा घेतला. साडूभाऊ खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःही एक घेतला, पण तो कितीतरी वेळ त्यांच्या हातातच होता.